सुट्या तुकड्यांची खिंड

लोखंडी कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत माझे चौदा डबे आहेत. काही बुटांचे, काही मिठाईचे, एक जुन्या मिक्सरचा. प्रत्येकावर मार्करने नाव घातलं आहे. बांध. गडगे. धोंडे. करवी. पाणंद. ओघळ. गावकूस. वाळलं गवत. आई एकदा कपाट आवरायला बसली, तेव्हा तिने डबे न उघडताच नावं मोठ्याने वाचली आणि मधेच थांबली. म्हणाली, "अरे, हे सगळं आमच्या घरापासून विहिरीपर्यंतचं आहे." तिचं माहेर सुधागड तालुक्यातलं, पालीच्या अलीकडचं. मी गडग्यांचा डबा उघडून दिला. आत वीतभर लांबीच्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या उंच दगडी भिंती होत्या, फोमच्या, रंगवलेल्या. तिने एक तळहातावर घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, "याला शेवाळ कुठाय?"

त्या प्रश्नाकडे मी नंतर येतो. आधी डब्यांचं सांगतो.

टेबलावर छोट्या आकृत्या मांडून लढाया खेळण्याचा माझा छंद आता आठ-नऊ वर्षांचा झाला. टेपने अंतर मोजून आकृती हलवायची, फासे टाकून नेम लागला की चुकला ते ठरवायचं. माझ्या आकृत्या २८ मिलिमीटरच्या आहेत, म्हणजे तळपायापासून डोळ्यांपर्यंत माणूस साधारण तेवढा. त्या हिशेबाने टेबलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे खऱ्या जमिनीवरचा अर्धा मीटर आणि वर थोडं. या माणसांच्या आजूबाजूला जे काही सुटं ठेवायचं असतं, भिंतीचा तुकडा, चार धोंडे, एखादं झुडूप, मोडलेली बैलगाडी, त्याला या छंदात स्कॅटर टेरेन म्हणतात. ते टेबलाला चिकटवलेलं नसतं. आज इथे, उद्या तिथे. मला त्यासाठी आपला शब्द हवा होता आणि तो शब्दकोशात न सापडता खेळता खेळता सापडला. आडोसा.

पहिली लढाई आम्ही रिकाम्या टेबलावर खेळलो होतो. चार फूट बाय तीन फुटांचं जेवणाचं टेबल, त्यावर हिरवी चादर. एका कडेला मोगल बंदूकवाले, दुसऱ्या कडेला ढाल-तलवारीचे मावळे. तिसऱ्या फेरीत सगळं आटोपलं. मावळे उघड्या माळावरून चालत होते आणि बंदुकांना ते पहिल्या पावलापासून दिसत होते. मित्र उठला, स्वयंपाकघरातून दोन वाट्या, मिठाचा डबा आणि लाटणं घेऊन आला आणि ते मधे कुठेकुठे ठेवून म्हणाला, "परत मांड." नियम तेच, आकृत्या त्याच, फासेही तेच. तो डाव दीड तास चालला. लाटण्यामागे सहा मावळे दबा धरून बसले होते आणि पुढच्या वाटीपर्यंत पळायचं की नाही यावर मी चांगली पाच मिनिटं विचार करत होतो.

त्या पाच मिनिटांसाठीच मी हा खेळ खेळतो. ती फाशांनी दिली नव्हती, नियमांनीही नाही. लाटणं आणि वाटी यांच्यातल्या मोकळ्या जागेने दिली होती.

ती जागा किती असावी, हे मला पुढची दोन वर्षं शिकावं लागलं. आमच्या खेळात पायदळ एका फेरीत सहा इंच चालतं. दोन आडोशांमध्ये सहा इंचांपेक्षा कमी अंतर असेल तर माणूस एका फेरीत इथून तिथे पोहोचतो, धोका उरतच नाही. बारापेक्षा जास्त असेल तर कुणी जागचं हलत नाही. आठ ते दहा इंचांत मजा आहे, कारण एक फेरी तरी उघड्यावर काढावी लागते. शिवाय मांडणी वरून पाहून कधीच कळत नाही. गुडघे टेकून, हनुवटी टेबलाच्या कडेला लावून, आकृतीच्या डोळ्यांच्या पातळीवरून एकदा पाहावं लागतं. वरून दाट वाटणारं टेबल खालून पाहिलं तर अनेकदा आरपार मोकळं असतं. मी आजही प्रत्येक डावाआधी चारही बाजूंनी असा वाकून पाहतो.

एवढं समजल्यावर मी शहाण्यासारखे छोटे तुकडे करायला लागलो असतो तर बरं झालं असतं. पण मला उंबरखिंड करायची होती.

२ फेब्रुवारी १६६१. शाइस्तेखान पुण्यात ठाण मांडून बसला होता आणि त्याने आपला सरदार कारतलबखान याला कोकणात उतरायला सांगितलं होतं. खानाबरोबर मोगलांकडची सरदारीण रायबागनही होती. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या बाजूने ही फौज घाट उतरली, ती खाली दाट रानातल्या अरुंद वाटेत आली. दोन्ही अंगांच्या झाडीत महाराजांची माणसं आधीच येऊन बसली होती. पुढची वाट बंद, मागची वाट बंद, जवळ पाणी नाही. खान शरण आला, खंडणी देऊन जीव घेऊन परतला. लहानपणी आजोळी जाताना खोपोली-पाली रस्त्यावरून एसटीच्या खिडकीतून मी डावीकडचे ते डोंगर कितीदा पाहिले होते. मामा बोट दाखवून म्हणायचा, "त्या तिकडे आत उंबरखिंड." तिकडे म्हणजे कुठे, ते कधीच दिसलं नाही. नुसती झाडी आणि वर कडा.

मी तीन महिने घालवले. थर्मोकोलचे थर, त्यावर जाळी, त्यावर पीओपी. चार फूट बाय तीन फूट. मधून वाकडी जाणारी वाट, दोन्हीकडे चढ, वाटेच्या कडेने कोरडा ओढा. झाडं चिकटवलेली, धोंडे चिकटवलेले, वाटेवरचे चाकोरीचे व्रणसुद्धा कोरलेले. दोघांनी उचलायला लागायचं. पाहायला येणाऱ्यांनी फोटो काढले. मला आयुष्यात स्वतःच्या हातांचा एवढा अभिमान क्वचितच वाटला असेल.

पहिला डाव फार सुंदर झाला. दुसराही. चौथ्या डावाला खानाच्या बाजूने बसलेल्या मित्राने घोडेस्वार खिंडीच्या तोंडाशीच थांबवले आणि बंदुका उजवीकडच्या तिसऱ्या खडकावर रोखून ठेवल्या. तिथे मावळे बसतात हे त्याला माहीत होतं. तिथेच बसतात, कारण तिथूनच वाट सगळ्यांत जवळ पडते. त्याने काही चुकीचं केलं नव्हतं. पण खऱ्या खानाला तो तिसरा खडक माहीत नव्हता आणि उंबरखिंडीची सगळी गोष्टच त्या माहीत नसण्यावर उभी आहे. तीन महिने खपून मी खिंडीची हुबेहूब नक्कल केली होती, फक्त ती ज्यामुळे खिंड झाली तेवढंच तिच्यात राहिलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात फळी कपाटामागे उभी होती. भिंतीला ओल आली, पीओपीचे पापुद्रे सुटले, चहाच्या चोथ्याच्या पाचोळ्यावर पांढरी बुरशी धरली, फळी मधोमध धनुष्यासारखी वाकली. ऑगस्टमधल्या एका रविवारी मी ती गॅलरीत आडवी टाकली आणि हॅकसॉच्या पात्याने कापायला घेतली. पहिला काप घालताना हात थरथरत होता. संध्याकाळपर्यंत बावीस तुकडे वेगळे झाले होते. चढाचे, ओढ्याचे, झाडीचे, एकेकटे धोंडे. त्यांपैकी बरे तेवढे स्वच्छ करून मी चादरीवर सहज मांडले. वाट डावीकडून उजवीकडे जात होती ती आता मधेच वळून समोर आली. एक चढ उलटा ठेवला तर त्याच्यामागे लपायला जागा झाली, जी मूळ फळीवर नव्हतीच. मी रात्री अकरापर्यंत तुकडे हलवत बसलो होतो.

पुढे वाचताना कळलं की ही वाट दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी चालून गेलं होतं. प्रशियातले बॅरन फॉन रायस्वित्झ यांनी लढाईचा अभ्यास करण्यासाठी एक खेळ रचला होता. आधी ते ओल्या वाळूत डोंगर आणि नद्या घडवून खेळून दाखवत. राजपुत्रांना तो आवडला, राजाला पाहायचा होता, पण राजासमोर वाळू न्यायची त्यांना योग्य वाटेना. म्हणून १८१२ मध्ये त्यांनी राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यांच्यासाठी खणांचं एक मोठं टेबल करून दिलं. त्यात प्लास्टरच्या उठावदार, रंगवलेल्या चौकोनी फरश्या होत्या. नदीची फरशी, टेकडीची फरशी, रस्त्याची फरशी. हव्या तशा जुळवायच्या, दर वेळी नवा मुलूख. ते टेबल बर्लिनमध्ये जपून ठेवलेलं आहे. बारा वर्षांनी त्यांच्या मुलाने खेळ नकाशांवर नेला, सैन्याला तेच सोयीचं पडलं आणि फरश्या मागे पडल्या. मला मात्र त्या खणांचं फार आकर्षण वाटतं. खण ओढायचा आणि नदी बाहेर काढायची. माझ्या चौदा डब्यांचे ते पूर्वज आहेत, असं मी मानतो.

आता धोंड्यांविषयी. धोंडे हा माझा सगळ्यांत जिव्हाळ्याचा डबा आहे.

खडक कसा करायचा हे शिकवणारे बहुतेक जण परदेशातले. त्यांचे खडक गोलसर, राखाडी, पायाशी हिरवंगार गवत. मीही तसेच केले आणि ते मावळ्यांच्या शेजारी ठेवले की काहीतरी खटकायचं. मग एका ट्रेकला कड्याखाली बसून डबा खाताना मी वर नीट पाहिलं. सह्याद्रीचा कडा पायऱ्यापायऱ्यांचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. या खडकाला ट्रॅप म्हणतात तो शब्दही पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला. दोन थरांच्या मधे कुठेकुठे विटकरी लाल मातीची बारीक रेघ असते. आणि खाली पडलेला धोंडा गोल नसतो, त्याच्या एकदोन बाजू सपाट आणि कोनीय फुटलेल्या असतात.

तेव्हापासून मी खडक कापत नाही, फाडतो. गच्चीला उष्णता लागू नये म्हणून घालतात तो दाट फोम घ्यायचा, बांधकामावर त्याचे उरलेले तुकडे मिळतात. बोटभर जाडीचे दोन-तीन थर हातानेच तोडून एकावर एक चिकटवायचे, वरचा थर थोडा मागे सरकवून. तोडलेली कड आपोआप फुटक्या दगडासारखी येते. ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा त्यावर दाबत फिरवला की बारीक खळगे पडतात. मग फेव्हिकॉल आणि काळा ॲक्रिलिक रंग एकत्र करून सगळ्याला एक जाड हात द्यायचा. हा हात चुकवून चालत नाही. माझा पहिला मोठा खडक मी थेट स्प्रेने रंगवला होता आणि तो माझ्यासमोर फसफसत आत बसत गेला, कारण स्प्रेतला द्रावक हा फोम विरघळवतो. फेव्हिकॉलचा पापुद्रा मधे असला की फोम वाचतो आणि टणकही होतो.

रंगात मी बराच वेळ घालवतो. काळ्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने गडद करडा, मग त्याहून फिका, फक्त कडांना लागेल असा. इथवर सगळे खडक सारखेच दिसतात. त्यानंतर गेरूच्या पाण्याचा पातळ ओघळ, वरून खाली, पाणी उतरतं तसा. थरांमधली लाल रेघ अगदी बारीक ब्रशने. आणि स्पंजच्या टोकाने फिक्या पोपटी-पांढऱ्या रंगाचे ठिपके, दगडफुलाचे. गरम मसाल्यात घालतो तेच दगडफूल. एवढं झालं की तो धोंडा आपला वाटतो.

गवताचंही तेच झालं. बाजारात मिळणारं नायलॉनचं कृत्रिम गवत छान असतं, विजेच्या भाराने एकेक धागा उभा राहतो, पण रंग बहुतेक हिरवेच. फेब्रुवारीतला सह्याद्री हिरवा नसतो. तो सिंहाच्या अंगासारखा असतो. मग काथ्या घेतला. नारळाचा काथ्या एक सेंटिमीटरचा कापून झुबक्यांनी उभा लावला तर आकृतीच्या गुडघ्याच्या वर येतो आणि रंगवावाही लागत नाही. फूलझाडूची टोकं म्हणजे तयार बोरू. करवीसाठी खराट्याचे हीर, साडेचार-पाच सेंटिमीटरचे, दाटीवाटीने रोवलेले. करवी म्हणजे सह्याद्रीतलं दाट झुडूप, खरी करवी माणसाच्या डोक्याच्या वर जाते आणि तिच्यातून चालताना पुढचा माणूस दिसत नाही, ती दाटी हिरांनी बरोबर येते. पायवाटेच्या कडेच्या भुरभुरीत मातीला रांगोळी. पाचोळ्याला चहाचा चोथा, पण तो आधी उन्हात दोन दिवस कडक वाळवून, बुरशीचा धडा विसरता येत नाही. काटेसावर एकच केली आहे, जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळून. त्या महिन्यात तिला पान नसतं, नुसती लाल फुलं. वाटाणाभर लाल ठिपके, पण टेबलावर नजर पहिली तिथे जाते.

तळाला जुन्या सीडी वापरतो. बारा सेंटिमीटरची गोल, वाकत नाही, फक्त चकचकीत बाजू काचपेपरने घासावी लागते, नाहीतर सगळं सोलून निघतं. पुठ्ठा वापरला तर फेव्हिकॉल वाळताना आकसतो आणि पुठ्ठा वाडग्यासारखा वर येतो. त्यावर उपाय म्हणजे मागच्या बाजूलाही तेवढाच हात मारायचा. आणि प्रत्येक तुकड्याच्या पोटात एक-दोन लोखंडी वॉशर. हे मला कुठल्याच परदेशी माणसाने सांगितलं नव्हतं. त्यांच्या खोलीत डोक्यावर पंखा नसतो. आमच्या पहिल्या उन्हाळ्यातल्या डावात पंखा तीनवर केला आणि अख्खी करवी टेबलावरून उडाली.

लोक विचारतात, हे म्हणजे दिवाळीतला किल्लाच ना? नातं आहेच. लहानपणी आम्ही वाड्याच्या मागच्या अंगणात विटा रचायचो, त्यावर मातीच्या गाऱ्यात बुडवलेलं गोणपाट टाकायचो, बोटांनी बुरूज आणि वाटा काढायचो. वसुबारसेच्या आठवडाभर आधी पेरलेले अळीव आणि मोहरी उगवून हिरवळ व्हायची. त्याच्याइतकं खरं गवत मला पुढे कधीच जमलेलं नाही. कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे दरवाज्यापेक्षा उंच असायचे, गवळण बुरुजाएवढी असायची आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवायचा, मग मोडायचा. माती परत बागेत.

पण किल्ल्याला पुढची बाजू असते. तो समोरून पाहायचा, वर सिंहासनाकडे नजर न्यायची, हात जोडायचे. त्याच्यावर कुणी लढत नाही. मला ते तसंच योग्य वाटतं आणि म्हणूनच महाराजांची आकृती मी खेळाच्या टेबलावर कधी ठेवत नाही. ती देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असते. माझ्या तुकड्यांना पुढची बाजू नाही. धोंडा चारी बाजूंनी धोंडाच असावा लागतो, कारण त्याच्या कुठल्या अंगाला कोण येऊन बसेल हे मला करताना माहीत नसतं. किल्ला करणारी बोटं आणि धोंडा करणारी बोटं तीच आहेत, पण धोंडा करताना मी सतत एका माणसाचा विचार करत असतो, जो त्याच्यामागे अंग चोरून बसणार आहे. त्याचं डोकं झाकलं जाईल का? त्याला उजवीकडून पाहता येईल का?

हा विचार मला वाटत होता तेवढा पोरखेळ नाही, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने दाखवलं. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं हे राजनीतीचं पुस्तक. त्यातलं दुर्गांचं प्रकरण मी शाळेत असताना वाचलं होतं ते तोफा आणि तटबंदीसाठी. परत वाचलं तेव्हा छोट्या गोष्टी दिसायला लागल्या. गडाजवळ दुसरा डोंगर नसावा, असला तर सुरुंग लावून खाली आणावा, हे सगळ्यांना आठवतं. पण पुढे ते म्हणतात की गडाची झाडी प्रयत्नाने वाढवावी, त्यातली एक काठीही तोडू देऊ नये, वेळ पडली तर बंदूकवाले त्या झाडीत घालता यावेत. आणि गडाखाली घराभोवती दगडाचं कुसू मुळीच असू देऊ नये. हे वाक्य वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवलं. कंबरभर उंचीची कुंपणाची भिंत. राज्य सांभाळलेला माणूस तोफखान्याइतक्याच गांभीर्याने तिच्याविषयी लिहितो, कारण उद्या शत्रू वेढा घालायला आला तर ती भिंत त्याच्या बाजूने उभी राहील. झाडी आपल्या माणसाला झाकते म्हणून ठेवायची, कुसू परक्याला झाकेल म्हणून काढायचं. माझ्या दोन डब्यांतला ऐवज, झाडी आणि दगडी भिंत, त्या एका उताऱ्यात होता.

गावकुसाचा डबा त्यानंतरच केला. असईच्या लढाईसाठी. २३ सप्टेंबर १८०३ ला मराठ्यांवर चालून आलेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीने कैलना नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं पाहिली आणि एवढ्यावरून ताडलं की मधे नदी पायी ओलांडायचा उतार असणारच, माणसं येत-जात असणार. उतार सापडला आणि तिथून त्याची फौज पार झाली. पण त्याच दिवशी त्याची ७४वी पलटण भलतीकडे सरकत असई गावाच्या फार जवळ गेली आणि गावाच्या आडोशाने लावलेल्या शिंद्यांच्या तोफा-बंदुकांपुढे कापली गेली. मातीच्या भिंतींचं एक गाव. ते तुकडे करायला सोपे आहेत, मातीचा रंग एका हातात बसतो, त्यांच्याविषयी जास्त सांगण्यासारखं नाही. फक्त कडा सरळ ठेवायच्या नाहीत, दर पावसाळ्यात भिंत थोडी थोडी वितळलेली असते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी आई आणि भाचीला घेऊन उंबरखिंडीत गेलो. चावणी गावाजवळ अंबा नदीच्या पात्राशी स्मारक आहे. आम्ही सकाळी लवकर पोहोचलो. आई सावलीत बसली आणि आम्ही दोघं झाडीत आत शिरलो. मी मोजायचं ठरवूनच आलो होतो. भाचीला उभं केलं आणि पाठ फिरवून चालत गेलो, मागे वळून पाहत. तिचा पिवळा टी-शर्ट तिसाव्या पावलाला दिसेनासा झाला. ती ओरडली, "मामा, मला तू दिसत नाहीयेस!" तीस पावलं म्हणजे फार तर वीस मीटर. टेबलावरचे छत्तीस सेंटिमीटर. माझ्या टेबलावर त्याच्या दुप्पट अंतरावरचं दिसत होतं. घरी येऊन करवीचे अकरा तुकडे वाढवले.

परत फिरताना आई एका जुन्या गडग्याशी थांबली. कोरडा रचलेला, चुन्याशिवाय, मधे एक बाजू ढासळलेली. तिने उत्तरेकडच्या बाजूवर हात ठेवला आणि मला बोलावलं. दगडांवर काळे, मखमली चट्टे होते. "हे शेवाळ," ती म्हणाली. "पावसात हिरवं, आता काळं. पण एकाच अंगाला असतं, ऊन लागत नाही त्या." मी किती गडगे पाहिले होते आणि सगळे चारी बाजूंनी सारखे रंगवले होते. आता प्रत्येक गडग्याच्या एका अंगाला काळपट हिरवा थर आहे. डाव मांडताना आम्ही सगळे गडगे त्या अंगाने एकाच दिशेला वळवतो, ती उत्तर. खेळणाऱ्यांपैकी फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. भाचीच्या पहिल्या झटक्यात आलं होतं.

ती आता तेरा वर्षांची आहे आणि डाव मांडायचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे. परवा म्हणाली, खानाच्या बाजूने तू खेळ. मग मला खोलीबाहेर काढलं. "आत यायचं नाही, ऐकू आलं तरी डोकवायचं नाही." मी पॅसेजमध्ये स्टुलावर बसलो. आतून डबे उघडल्याचे आवाज येत होते. वॉशर फळीवर टेकल्याचा बारीक टक टक. मधेच ती खुर्चीवरून उतरून गुडघ्यांवर बसल्याचं कळलं, मग चारही बाजूंनी सरकत गेल्याचं. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, चहा आता टाकू की नंतर.

तिने हाक मारली. मी आत गेलो. पंखा बंद होता. टेबलावरचा एकेक धोंडा मी फाडून केलेला, एकेक हीर मी रोवलेला, काटेसावरीचा प्रत्येक लाल ठिपका माझ्या ब्रशचा. घोडेस्वार वाटेच्या तोंडाशी तयार उभे होते. मी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली आणि त्यांच्या डोळ्यांतून आत पाहिलं. वाट दोन हातांवर वळून दिसेनाशी होत होती. पुढे काय आहे ते मला ओळखू येईना.

"चल," भाची म्हणाली, "सहा इंच."